पुकारलेलं नाव

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. ती गेली त्याला सहा वर्षं झाली. आता तुम्हाला सांगतो आहे — का, ते विचारू नका.

ऐंशीच्या दशकात मी आमदार झालो. त्याआधी सतरा वर्षं सातपुड्याच्या पायथ्याजवळच्या एका शाळेत मराठी शिकवत होतो. प्रचार आम्ही सायकलींवर केला. माझ्याच जुन्या विद्यार्थ्यांनी चुन्याने भिंती रंगवल्या — ‘आपले गुरुजी, आपला आमदार’. त्यात एकाने ‘गुरुजी’तला रु दीर्घ काढला, तो मी भर प्रचारात थांबून ऱ्हस्व करून घेतला. लोक हसले. गावोगाव कळण्याची भाकरी, ठेचा, आणि ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्यांची एकच खात्री — मास्तर आहे, खोटं बोलणार नाही. काय दिवस होते ते!

तिकीट मात्र मला तात्यांमुळे मिळालं होतं. तात्या म्हणजे जळगावचे डाळमिलवाले, आमच्या पक्षातलं मोठं नाव. मी त्यांना मानत असे. अजूनही — पण ते राहू द्या.

निवडून आल्यावर दुसऱ्या वर्षी डोंगरातल्या एका पाड्यावरून खुमानभाऊ आले. पाड्यापासून मोटाररस्त्यापर्यंत चालत, मग एसटीने. चहाही घेतला नाही, उभ्यानेच बोलले.

“गुरुजी, मास्तर येत नही. पोरे ओटावर बसतस अन् घर येतस. तुम्ही सोता मास्तर शेतस, तुम्हीच इचारा ना.”

मी चौकशी केली. मास्तर कागदावर हजर होता. प्रत्यक्षात जळगावात सासऱ्यांची डाळमिल सांभाळत होता. सासरे कोण, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

तरीही मी तारांकित प्रश्न दिला. सभागृहात तोंडी उत्तरासाठी तो यादीत लागलाही. नागपूरचं अधिवेशन होतं. आदल्या दिवशी मी खुमानभाऊंना निरोप धाडला, की उद्या तुमच्या शाळेचं नाव विधानसभेत निघणार. केवढा अभिमान वाटत होता मला!

सकाळी तात्यांचा फोन आला. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “गुरुजी, जावई माझा आहे. पुढच्या खेपेला आपल्याला बरोबर राहायचं ना?”

मी ‘हो’ म्हणालो? आठवत नाही.

प्रश्नोत्तराचा तास सुरू झाला तेव्हा मी कँटीनमध्ये होतो. समोर चहा. भिंतीवरच्या कर्ण्यातून सभागृहातलं सगळं ऐकू येत होतं. अध्यक्षांनी माझं नाव पुकारलं. थांबले. पुन्हा पुकारलं. मग पुढच्या सदस्याचं नाव आलं. सभागृहाचं दार वीस पावलांवर होतं. सतरा वर्षं मी हजेरी घेतली — गैरहजर पोराला दुसऱ्या दिवशी उभं करून कारण विचारत होतो. मग मी स्वतः का उठलो नाही?

पण ही भित्रेपणाची गोष्ट झाली. भित्रे पुष्कळ असतात. मी पुढे केलं ते वेगळं.

खुमानभाऊ पुन्हा आले. मी त्यांना सांगितलं, “भाऊ, मी उभा राहिलो, बोललो, पण सरकारने ऐकलं नाही.” अगदी शांत आवाजात. ते माझीच समजूत घालू लागले — “तुम्ही काय करशात गुरुजी? तुम्ही कोशिश करी ना, बस.”

तो मास्तर आणखी चार वर्षं त्या शाळेच्या पटावर होता. तिथे एकदाही गेला नाही. पुढच्या निवडणुकीत तात्यांनी तिकीट दुसऱ्यालाच दिलं. त्याचं मला वाईट वाटलं, हेही कबूल करतो.

नव्वदीच्या अखेरीस जुन्या विद्यार्थ्यांनी माझा सत्कार ठेवला. मांडव भरलेला. खुमानभाऊ मुलाला घेऊन आले होते. कोणी बोलावलं नसताना स्टेजवर चढले, माईक धरला. “आमनाकरता गुरुजीसनी इधानसभामा तोंड उघाडं. बठ्ठा लोकेसनी याद ठेवा.”

टाळ्या वाजल्या. मी हात जोडले.

दारात पाहुण्यांच्या सह्यांची वही होती. खुमानभाऊंचा मुलगा तेव्हा विशीचा असेल, गुजरातेत मजुरीला जात होता. त्याने वहीत अंगठा उमटवला आणि मग येऊन माझ्या पाया पडला. अंगठ्याची शाई अजून ओली होती. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “मोठा हो.”