घेवड्याच्या गाठींचा इलाज

तुमच्या घेवड्याच्या मुळांना गाठी दिसल्या तर काय कराल? खांदे उडवून गप्प बसाल ना? आमचे कंपाउंडर तसल्यांतले नव्हते.

उभा जन्म त्यांनी दवाखान्याच्या खिडकीत बाटल्या भरल्या, पण रोग ओळखायचा मान कायम दुसऱ्याचा. निवृत्तीनंतर एकच हौस उरली: बायकोने एकदा तरी 'डॉक्टर' म्हणावं. ती म्हणायची, "कंपाउंडर, आधी केर काढा."

अशात तण काढताना परसातला एक वेल मुळासकट हातात आला. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी!

"अगं, साथ आलीय साथ! सगळ्या वाफ्याला लागण!"

"वेल तर टवटवीत दिसतायत."

"सुरुवातीला पेशंट असाच दिसतो."

अशक्तपणा नको म्हणून त्यांनी युरिया आणला, पाण्यात कालवला आणि दर रविवारी "बाटली हलवून घ्या" असं पुटपुटत वाफ्याला पाजला. पानं अशी माजली की स्वयंपाकघरात अंधार पडला. दुसरा वेल उपटला, तर मुळं गुळगुळीत. एखादीच गाठ, तीही सुकलेली. कंपाउंडर ती मुळं गल्लीभर मिरवून आले. तुम्ही हसू नका. तुम्हीही हिरवी पानं बघूनच टाळ्या वाजवता.

शेंगांचा मात्र पत्ता नाही.

बियाण्याचं दुकान चालवणारा मेहुणा जेवायला आला. वाफा बघून त्याने कपाळावर हात मारला.

"भाऊजी, त्या गाठी म्हणजे आजार नव्हे! तिथे जंतू राहतात. हवेतला नत्र धरून वेलाला पुरवतात, वेल त्यांना साखर देतो. तुम्ही युरियातून नत्र आयता ओतल्यावर वेल कशाला ते भाडेकरू पोसेल? नुसता पानांनी फुगला."

"जंतू!" कंपाउंडर ताडकन उठले. "म्हणजे माझं निदान बरोबरच होतं!"

"अहो, कामाचे जंतू!"

"सगळे तसंच म्हणतात."

बायकोने रिकामी टोपली समोर आपटली. "घ्या डॉक्टर, पेशंट धष्टपुष्ट झाला. आता भाजी कशाची करू, तुमच्या निदानाची?"

कंपाउंडरांनी त्यातला एकच शब्द ऐकला. कॉलर ताठ झाली, चेहरा फुलला आणि दुसऱ्या दिवशी स्वारी खुरपं घेऊन शेजारच्या गल्लीत तपासणीला निघाली.

तेव्हा एवढं करा. ते तुमच्या दारी आले तर खुर्ची द्या, चहा पाजा, तोंडभर डॉक्टर म्हणा. पण त्याआधी युरियाची पिशवी लपवा.