सत्तेचाळीस नंबर कुणाचा?

इथले भुताखेतांचे अनुभव मी वाचतो ते जेवणाच्या सुट्टीत, हसायला. असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही... नव्हता म्हणावं की नाही, ते अजून ठरत नाहीये.

चिखलीजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी कॉम्प्युटर विभागाचं नेटवर्क सांभाळतो. करारावर. कॉम्प्युटर चालू झाला की सर्व्हरकडे पत्ता मागतो, सर्व्हर त्याला मोकळा असलेला एक नंबर काही तासांपुरता देतो. एकच नंबर दोघांकडे गेला की भांडण, आणि नेट बंद.

आमच्याकडे हे भांडण कायम ४७ वर. ज्याला ४७ मिळेल तो बाहेर! स्क्रीनवर यायचं — हा पत्ता दुसरं कुणीतरी वापरतंय. अरे पण कोण? लॅब पालथी घातली, सर्व्हर नव्याने बसवला. नुसता वैताग! त्यात ऑनलाइन परीक्षेत एका मुलीचा पेपर अर्ध्यावर बंद पडला. एचओडी मॅडम म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात तुमचा करार संपतोय. हे मिटलं नाही तर मी सही करणार नाही." रहाटणीत भाड्याचं घर, पोरीची शाळा... झोपच उडाली राव.

मग खंडेनवमी आली. चाकणला कंपन्यांत मशिनींची पूजा होते, तशी आमच्याकडे कॉम्प्युटरची. सगळे बंद, झेंडूचे हार घातलेले. म्हटलं, आता जो उत्तर देईल तोच चोर. लॅपटॉप जोडला आणि ४७ ला पिंग केलं, म्हणजे 'आहेस का?' विचारलं.

लगेच उत्तर!

"बबनराव, काहीतरी चालू राहिलंय!"

आमचे लॅब अटेंडंट बबनराव पूजेचं ताट घेऊनच आले. "न्हाई साहेब, समदी बटनं म्या सोता बंद केल्यात."

लॅबमधले सगळे कॉम्प्युटर ज्या डब्यात जोडलेले असतात, त्या नेटवर्क स्विचमधल्या वायरी एकेक करून उपटल्या. शेवटी फक्त माझ्या लॅपटॉपची राहिली. वायफाय बंद. माझा स्वतःचा नंबर वेगळा, पुन्हा पुन्हा बघितलं. तरी उत्तर येतच होतं... खरं सांगतो, भीतीपेक्षा संताप जास्त होता.

बबनराव स्क्रीनकडे बघत म्हणाले, "मंग ह्याला बी हार घालायचा व्हय?"

"कुठे घालणार?" मी खेकसलो.

सुट्टीनंतर वैतागून ४७ नंबर वाटपातूनच काढून टाकला. ठेव बाबा तुलाच! त्यानंतर एकही तक्रार नाही. मॅडमनी सही केली. जाणकारांना विचारून थकलो, कुणाकडेच उत्तर नाही. इथे कुणाला माहीत असेल तर सांगा.

तिथे जो कुणी आहे, त्याची जागा मी स्वतःच्या हाताने कायम केली. माझा करार पुन्हा अकरा महिन्यांचाच आहे.