चार बोटं रुंद निळी रेघ

मॅरेथॉनच्या आठवड्यात शहराच्या रस्त्यांवर एक निळी रेघ उमटते. चार बोटं रुंद आणि बेचाळीस किलोमीटरहून थोडी लांब. कुठल्या वळणावर कुठून गेलं की अंतर सगळ्यात कमी भरेल, ते ती दाखवते. पुढचे पळणारे तिच्यावरून नजर हलवत नाहीत. शर्यत झाली की तीन दिवसांत रेघेवर काळा रंग फिरतो आणि रस्ता पुन्हा होता तसा. ही रेघ आखतं कोण आणि पुसतं कोण, हा प्रश्न कोणाला पडल्याचं ऐकिवात नाही.

ती आखायची आणि पुसायचीही फूटपट्टीची टोळी. फूटपट्टी हे अर्थातच त्या बाईचं खरं नाव नव्हे. रस्ते आखणाऱ्या त्या टोळीत ती सव्वीस वर्षं होती आणि तिच्या हातात मोजायचं चाक असायचं. लांब दांडा, खाली चाक आणि वर आकडे दाखवणारी डबी. पुढे ती चाक ढकलत चालणार, तिच्या मागे खडूची दोरी आणि दोरीच्या मागे रंगाचं यंत्र. कोणी "इथून जवळच आहे हो" म्हणालं की तिच्या कपाळाला आठी पडायची. "जवळ म्हणजे किती?" असं ती विचारणारच. घरी सोफा घ्यायचा होता तेव्हा तिने दुकानदाराची टेप त्याच्यादेखत तपासली होती आणि ती अर्धा सेंटिमीटर खोटी निघाली होती. नवऱ्याने लाजून त्या दुकानाचा रस्ताच सोडला.

नवऱ्याचं केस कापायचं दुकान होतं. दोनच खुर्च्या, पण गावभरच्या बातम्या तिथे आपणहून चालत येत. त्यामुळे पन्नाशी उलटलेली ही बाई मॅरेथॉन पळणार आहे, हे तिने फॉर्म भरायच्या आधीच निम्म्या शहराला ठाऊक झालं होतं.

"काय खूळ घेतलंस डोक्यात?" नवरा म्हणाला होता.

"खूळ कसलं? सव्वीस वर्षं मी आखलेल्या रेघेवरून लोक पळतात. मी एकदाही पळले नाही."

"अगं, पण ती पळणाऱ्यांसाठी असते."

"मग मी होते पळणारी," ती म्हणाली आणि विषय संपला. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे नवऱ्याला लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं.

कामावर जायच्या आधी ती मैदानाला फेऱ्या मारू लागली. बूट लेकीचे जुने, पुढे बोळा कोंबलेला. मुकादम चिडवायचा, "बाई, एवढं पळून चाललात कुठे?" ती म्हणायची, "तुमच्यापासून लांब." पहिल्या वर्षी तिचा दम एकोणतिसाव्या किलोमीटरला संपला. मागून शेवटची बस आली, मागे पडलेल्यांना गोळा करणारी. ड्रायव्हर जुनाजाणता माणूस होता. त्याने दार उघडून हाक मारली, "या काकू, बसा. पाणी आहे, पंखा आहे." ती बसली. खिडकीतून तिला आपलीच निळी रेघ मागे सरकताना दिसत राहिली आणि ती ओक्साबोक्शी रडली. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं आणि पंख्याचं तोंड तिच्याकडे वळवलं.

दुसऱ्या वर्षी तिने बसला मागे टाकलं.

त्या वर्षी तिच्या जोडीला मास्तर होते. निवृत्त भूगोल शिक्षक, अकरा मॅरेथॉन पळालेले, आणि अकराही वेळा शेवटच्या शंभरात आलेले. तेहेतिसाव्या किलोमीटरला, वाचनालयाच्या चौकात, रस्त्याला आडवी पट्टी लावली होती. झेंडा घेतलेला माणूस सगळ्यांना फूटपाथवर वळवत होता. साडेचार तास झाले, रस्ता वाहनांना मोकळा करायचाय, असं त्याचं म्हणणं. फूटपट्टी आणि मास्तर निमूटपणे फूटपाथवर चढले. फूटपाथ चौकाला बाहेरून वळसा घालून गेला, मग पायऱ्या उतरून भुयारी मार्गात शिरला आणि बस डेपोच्या मागून फिरून पुलाशी पुन्हा रेघेला मिळाला. शेवटच्या कमानीखाली ती पोचली तेव्हा घड्याळात सहा तास, दोन मिनिटं, दहा सेकंद झाले होते. मुदत सहा तासांची होती. यादीत तिच्या नावापुढे 'अपूर्ण' असं छापून आलं, मास्तरांच्या आणि आणखी सत्तावीस जणांच्या नावापुढेही.

अपूर्ण! हा शब्द तिला जिव्हारी लागला. बेचाळीस किलोमीटर ती आपल्या पायांनी आली होती. दुकानात गिऱ्हाइकं नवऱ्याला विचारायची, "वहिनींचं थोडक्यात हुकलं म्हणे?" आणि नवरा कात्री चालवत "हूं" म्हणायचा. त्या 'थोडक्यात'चाही तिला राग यायचा.

"मास्तर, ते शेवटचं अंतर जास्त होतं," ती म्हणाली.

मास्तर हसले. "बाई, शेवटचं अंतर सगळ्यांनाच जास्त वाटतं. अकरा वर्षं मलाही वाटतंय."

"मला वाटत नाही. मी मोजते."

पुढच्याच रविवारी ती चाक घेऊन वाचनालयाच्या चौकात उभी राहिली. आधी रेघेवरून पुलापर्यंत मोजलं. मग फूटपाथवरून, वळसा, पायऱ्या, भुयार, डेपो असं सगळं. पायऱ्यांवर चाक उचलावं लागतं आणि उचललेलं चाक आकडा दाखवत नाही. म्हणजे तेवढं अंतर तिच्या हिशोबात आलंच नाही, ते संयोजकांना माफ. परत जाऊन तिने पुन्हा पहिल्यापासून मोजलं. एकदा चारशे तेरा मीटर जास्त भरलं, एकदा चारशे बारा. तिने चारशे बारा धरलं. एक मीटर त्यांना सोडून दिला.

चारशे बारा मीटर म्हणजे तिच्या चालीने साडेतीन मिनिटं. म्हणजे ती वेळेत आली होती! ती तिथेच डेपोच्या भिंतीला टेकून उभी राहिली आणि एकटीच मोठ्याने हसली. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी वळून पाहिलं. त्यातल्या काहींनी वाट बदलली.

चूक कशी झाली तेही तिला कळलं. मोजणाऱ्यांनी रेघ मोजली होती, इंच न् इंच. पण मागच्यांना फूटपाथवर पाठवायचं ठरल्यावर तो फूटपाथ मोजावा, असं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. जे सगळ्यात हळू, त्यांनाच सगळ्यात लांबचा रस्ता, आणि वर वेळ मात्र सगळ्यांना सारखा.

महिनाभराने संयोजकांनी धावपटूंची सभा घेतली. अनुभव सांगा, मतं मांडा, असं निमंत्रण होतं. लोकांनी मनसोक्त मांडली. एकाचं म्हणणं, संडासाच्या रांगेतच आपली निम्मी शर्यत झाली. एका बाईंना टी-शर्ट इतका मोठा मिळाला होता की त्यात त्या आणि त्यांचे यजमान एकदम मावले असते. एका डॉक्टरांच्या मते वाजंत्री फार होती, त्यांच्या शेजारच्याच्या मते कमी. केळी कच्ची होती यावर मात्र एकमत झालं. मग फूटपट्टी उठली. तिने चाक बरोबर आणलं होतं, ते टेबलाला टेकवून ठेवलं आणि चारशे बारा मीटर सांगितले.

संयोजक चांगला कोट घातलेला, गोड बोलणारा गृहस्थ होता. "ताई, तुम्हाला फूटपाथवर घेतलं ते तुमच्या सुरक्षिततेसाठी."

"घ्या की. मग चारशे बारा मीटर वजा करा."

"निकाल जाहीर झालाय. नियमात बसत नाही."

"सहा तास असं तुम्हीच छापलंत ना? मग साडेचार तासांनी रस्ता काढून घेणं कुठल्या नियमात बसतं?"

मागे कोणीतरी टाळी वाजवली. संयोजकाने घाम पुसला आणि सभा आवरती घेतली. नंतर तिला आतल्या खोलीत बोलावून त्याने खोक्यातून एक पदक काढलं. "हे ठेवा. बाहेर बोलू नका म्हणजे झालं."

पदक जड होतं, चकचकीत होतं. तिने ते हातावर तोलून पाहिलं आणि टेबलावर ठेवलं.

"एकोणतीस आहेत का?"

"काय?"

"आम्ही एकोणतीस जण आहोत. सगळ्यांना देणार असाल, तेही बाहेर, सगळ्यांसमोर, तर द्या. नाहीतर खोकं बंद करा."

"पुढच्या वर्षी बघू, ताई," तो म्हणाला.

घरी आल्यावर तिने हे सांगितलं तेव्हा नवऱ्याचा हात वाटीतच थांबला. "अगं, घ्यायचं होतंस. एवढा हट्ट कशाला?" पण दुसऱ्या दिवशी दुकानात हीच गोष्ट त्याने छाती फुगवून सात गिऱ्हाइकांना ऐकवली, आणि सातव्याच्या वेळेपर्यंत तिने पदक संयोजकाच्या अंगावर फेकलं होतं.

पुढचं वर्ष आलं. नकाशा आला आणि तिने आधी वाचनालयाचा चौक पाहिला. काहीही बदललेलं नव्हतं. मुकादमाने बजावलं, "बाई, रेघ आखा आणि गप्प बसा. नोकरी आहे आपली." ती म्हणाली, "रेघच आखतेय." चौकापासून पुलापर्यंत तिने यंत्र दोनदा फिरवायला लावलं. रंग असा बसला की आंधळ्यालाही जाणवावा.

रविवारी ती आणि मास्तर तेहेतिसाव्या किलोमीटरला पोचले तेव्हा पट्टी लागलेली होती. तोच झेंडेवाला होता.

"चला, फूटपाथवर चला!"

मास्तरांची पावलं सवयीने वळली. फूटपट्टी वळली नाही. ती वाकली, पट्टीखालून पलीकडे गेली आणि रेघेवर उभी राहिली.

"बाई, ऐकू येत नाही का? गाड्या सोडल्यात!"

"येतंय. ही रेघ किती रुंद आहे ठाऊक आहे? चार बोटं. तेवढीच जागा मागतेय मी. बाकी सगळा रस्ता गाड्यांना द्या."

"काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

"ज्यांनी सहा तास छापलेत त्यांची," ती म्हणाली आणि पळू लागली.

समोरून एक ट्रक आला, कर्कश भोंगा वाजवून बाजूने गेला, वाऱ्याने तिची टोपी उडाली. घाबरली नव्हती असं नाही, चांगलीच घाबरली होती. पण पाय रेघेवरून काढायचा नाही, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. मग मागून पावलं ऐकू आली. मास्तर. त्यांच्या मागे टी-शर्टवाल्या बाई, त्यांच्या मागे आणखी कोणी. वळून बघायला तिला सवड नव्हती. सगळे एकामागे एक, चार बोटांवरून.

आणि सगळ्यांच्या मागे ती बस. ड्रायव्हरने चारी दिवे लुकलुकत ठेवले होते आणि गाडी अशी मध्यावर घेतली होती की मागच्या एकाही वाहनाला पुढे घुसता येईना. भोंग्यांचा नुसता गदारोळ झाला होता. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"पळा काकू! आज गाडी रिकामीच न्यायचीय मला."

"पंखा चालू ठेवा," ती ओरडली, "तुमच्यासाठी!"

कमानीखाली घड्याळात पाच तास सत्तावन्न मिनिटं चाळीस सेकंद झाले होते. मास्तर तिच्या मागे चार सेकंदांनी आले आणि लहान मुलासारखे खाली बसून रडायला लागले. दुकान बंद ठेवून आलेला नवरा टाळ्या वाजवत होता, आणि शेजारच्याला सांगत होता की ही माझी बायको, हिच्याशी कोणी वाद घालू नये. संयोजकाने स्वतः पुढे होऊन तिच्या गळ्यात पदक घातलं. सगळ्यांसमोर होतं, म्हणून तिने घालू दिलं.

"झालं ना आता समाधान, ताई?"

"माझं यंदाचं झालं," ती म्हणाली. "मागच्या वर्षीचे एकोणतीस राहिलेत. मी येईन सभेला. चाक घेऊन."

बुधवारी टोळी काळा रंग घेऊन निघाली. रेघ पुसायचं काम कोणालाच आवडत नाही, कारण वाकावं फार लागतं. तिचे गुडघे अजून दुखत होते, तरी ती सगळ्यांच्या पुढे होती. वाचनालयाच्या चौकात आल्यावर तिने रंगाचं यंत्र बंद करायला लावलं, ते ढकलत पुलापर्यंत नेलं आणि तिथे पुन्हा चालू केलं. मुकादम मागून धावत आला.

"अहो बाई, मधली रेघ राहिली की!"

"राहिली नाही. ठेवलीय."

मुकादमाने मागे पाहिलं. चौकापासून पुलापर्यंत रेघ उन्हात निळीशार दिसत होती. एक सायकलवाला तिच्यावरून सरळ चालला होता. मुकादमाने वहीत काहीतरी लिहिलं, मग ते खोडलं.

"वर विचारलं तर काय सांगू?"

"सांगा, चारशे बारा मीटर वजा झाल्यावर पुसू," ती म्हणाली आणि चाक ढकलत पुढे निघाली.