फायनलच्या सकाळी सपाट झालेली टेकडी

माझी धाकटी बहीण अमरावतीत नर्स आहे. तिची मुलगी प्रज्ञा बेसबॉल खेळते. यंदा प्रज्ञाचा संघ राज्यस्तरीय लीगच्या बाद फेरीत पोचला, ती फेरी पुण्यात होणार असं ठरलं आणि नेमकी तेव्हाच बहिणीला रजा मिळेना. "ताई, तू जातं काय पोरीसंगं?" तिने विचारलं. मी मागच्याच वर्षी नोकरीतून निवृत्त झालेय. या ब्लॉगवर आजवर देवळं, धबधबे आणि ढाबे यांच्यापलीकडे काही लिहिलेलं नाही, आणि बेसबॉलची बॅट गोल असते यापुढे माझं ज्ञान जात नव्हतं. तरी मी पिशवी भरली.

आधी प्रकरण काय होतं ते सांगते, म्हणजे पुढे माझा आवाज का चढला ते कळेल. ही लीग एकवीस वर्षांखालच्या मुलींची. वर्षभर साखळी सामने होतात, पहिले चार संघ उपांत्य फेरीत जातात, मग एक फायनल. जिंकेल तो संघ राज्यातर्फे पुढे खेळतो, बाकीच्यांचं वर्ष संपतं. प्रज्ञा आमच्या संघाची कप्तान आणि पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नाही. अमरावतीचा संघ याआधी बाद फेरीत कधी पोचला नव्हता. थोडक्यात, पोरीला एकच संधी होती.

ज्यांना या बाजूने पुण्याला जायचंय त्यांच्यासाठी: ट्रॅव्हल्सची स्लीपर घेतलीत तर मागची सीट घेऊ नका, हाडं मोजून मिळतात. सकाळी वाघोलीला जाग आली आणि तिथून शहरात शिरायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात घरी दोन भाज्या झाल्या असत्या. मुलींची सोय वारज्यात मैदानाजवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये होती. मी धायरीला प्रमोददादाकडे उतरले. प्रमोददादा माझा चुलतभाऊ, वीस-बावीस वर्षांपूर्वी कारखान्यात नोकरीला इकडे आला आणि इकडचाच झाला. रिक्षावाल्याने विचारलं, "काय, लग्न का?"

"बेसबॉलची मॅच आहे."

"म्हणजे क्रिकेटच ना?"

"नाही."

"मग कशाला आलात एवढ्या लांबून?" मीटर टाकत तो म्हणाला. त्याला उत्तर द्यायला मला परतीच्या प्रवासापर्यंत सुचलं नाही.

शुक्रवारी सकाळी आम्ही मैदानावर गेलो. मैदान मोठं, कडेला गुलमोहर, पलीकडे डोंगर दिसतो. फोटोला छान. पण मुलींसाठी स्वच्छतागृह नाही. होतं, त्याला कुलूप होतं, आणि किल्ली ज्यांच्याकडे होती ते गावाला गेले होते. चार संघांच्या साठ-सत्तर मुली तीन दिवस समोरच्या पेट्रोल पंपावर जात होत्या. पंपावरच्या लोकांचं भलं होवो. राज्यभरातून मुली बोलवायच्या आणि हे.

दुसरी गोष्ट, बेसबॉलमध्ये पिचर सपाट जमिनीवरून चेंडू टाकत नाही. मैदानाच्या मधोमध मातीचा एक उंचवटा लागतो, साधारण वीतभर उंच, पुढे उतरता. त्याला माउंड म्हणतात, आमच्या पोरी टेकडी म्हणतात. इथे टेकडीच नव्हती. यजमान पुण्याच्या मुलीसुद्धा वर्षभर सपाटीवरूनच खेळतात, हे तिथे कळलं. मग आमचे प्रशिक्षक वानखडे सर कुठून तरी ट्रॅक्टरभर लाल माती घेऊन आले. चारही संघांच्या मुलींनी मिळून दुपारपर्यंत टेकडी रचली. घमेली, पाणी, माती ठोकायला धुम्मस. पुण्याच्या संघाची कप्तान सई, बारीक चणीची, चष्मेवाली, कॅचर, म्हणजे पिचरचा चेंडू झेलणारी. ती धुम्मस चालवताना म्हणाली, "सर, आम्हाला फर्स्ट टाइम प्रॉपर माउंड मिळतोय. हे आता परमनंट ठेवू या ना." मीही दोन बादल्या पाणी वाहिलं. माझं ब्लड प्रेशर पाहता हे मोठंच योगदान होतं.

शनिवारी त्याच टेकडीवरून प्रज्ञाने उपांत्य सामना काढला. मला नियम अर्धेच कळत होते, पण समोरच्या मुली एकामागून एक बॅट हवेत फिरवून परत जात होत्या हे कळायला नियम लागत नाहीत. मी एवढी ओरडले की संध्याकाळी वहिनीने हळद घालून दूध दिलं. दुसऱ्या सामन्यात पुणे जिंकलं. म्हणजे फायनल अमरावती आणि पुणे.

त्याच संध्याकाळी आमच्या कॅचरच्या ग्लोव्हची चामडी वादी तुटली. प्रमोददादाने मला स्कूटरवर नारायण पेठेत नेलं. सिंहगड रोडने संध्याकाळी जाऊ नका, हा सल्ला मी तुम्हाला फुकट देते. एका बोळात बॅगा दुरुस्त करणारं दुकान होतं. मालकांनी ग्लोव्ह उलटा-सुलटा पाहिला.

"हे काय आहे?"

"बेसबॉलचा ग्लोव्ह. होईल का?"

"बेसबॉलचं आम्ही करत नाही. चामड्याचं करतो. ठेवा." आणि बाहेर उभं राहायला सांगितलं, कारण आत उभं राहिलं की उजेड अडतो. वादी मात्र अशी बसवून दिली की मूळची लाजली असती. शेजारी खाल्लेली मिसळ बरी होती, आमच्या तोंडाला जरा गोड.

रविवारी फायनल सकाळी नऊला होती. आम्ही पोचलो तेव्हा मैदानाच्या मधोमध स्टेज उभं होतं. लाल गालिचा, सोफा, समई, मागे पाहुण्यांच्या चेहऱ्यांचा फ्लेक्स. फ्लेक्सवर सात माणसं होती, त्यात एकाही खेळाडूचा फोटो नव्हता. आणि स्टेजच्या पुढे जिथे आमची टेकडी होती तिथली जमीन अंगणासारखी सपाट. वर पाणी शिंपडलेलं, रांगोळीसुद्धा.

मी मैदानाच्या व्यवस्थापकांना गाठलं. पांढरा सदरा, छातीवर बिल्ला.

"अहो, इथली टेकडी कुठे गेली?"

"टेकडी? वेताळ टेकडी कोथरूडच्या बाजूला. इथून रिक्षा मिळेल."

"मातीचा उंचवटा होता इथे. पोरींनी बांधलेला."

"हां, ते होय. तो काढला आम्ही. पहाटे रोलर आणून काढला." त्यांच्या चेहऱ्यावर काम फत्ते झाल्याचा आनंद होता. "पाहुणे यायचेत. कुणाचा पाय अडखळला असता म्हणजे?"

मी शपथेवर सांगते, त्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हतं. म्हणूनच मला जास्त राग आला. वाईट माणसाशी भांडता येतं. ज्याला पाहुण्याचा पाय दिसतो आणि खेळाडूचा दिसत नाही, त्याच्याशी काय भांडायचं? तरीही मी भांडले. वानखडे सर भांडले. "सत्कार अर्ध्या तासात आटोपतो, मग बघू," असं आयोजकांनी सांगितलं.

सत्कार अर्ध्या तासात आटोपतो असं म्हणणाऱ्याने आयुष्यात एकही सत्कार पाहिलेला नसावा. पाहुणेच उशिरा आले. मग स्वागत, मग दीपप्रज्वलन, वाऱ्याने समई विझली म्हणून पुन्हा दीपप्रज्वलन. आणि शाल-श्रीफळाची तबकं घेऊन उभं कोणी राहायचं? खेळाडूंनी! फायनलचे दोन्ही संघ पूर्ण गणवेशात स्टेजच्या दोन बाजूंना उभे केले, कारण ते शिस्तीत दिसतात. प्रज्ञाने हात गरम करून घेतला होता. तिच्या हातात नारळांनी भरलेलं पितळी तबक दिलं. ज्या हाताने चेंडू टाकायचा त्याच हातावर तिने ते तोलून धरलं होतं, कारण दुसऱ्या हातात शाली होत्या. वानखडे सरांनी तिच्याकडून तबक घ्यायला पाऊल टाकलं, तर एक कार्यकर्ता म्हणाला, "सर, फोटो चाललाय."

मी खुर्चीतून उठले आणि मोठ्याने म्हटलं, "अहो, तिला मॅच खेळायचीये! नारळ तुमचे तुम्ही धरा की!" माझ्या मागे बसलेल्या एका काकूंनी मला "श्श" केलं. होय, मला.

एक पाहुणे बोलायला उठले. बेसबॉल हा आपल्या विटीदांडूचाच भाऊ, आमच्या लहानपणी आम्ही, वगैरे. ते आपल्या लहानपणीच्या आंब्याच्या झाडावर चढले होते, तेवढ्यात सईने हातातला पुष्पगुच्छ स्टेजच्या कडेला ठेवला. तिने चष्मा सारखा केला, सरळ चालत कुंपणाशी गेली आणि तिथे पडलेलं घमेलं उचललं. रोलरने सरकवलेली लाल माती कडेला ढिगात होती. ती तिने भरली, मैदानाच्या मधोमध आणून ओतली आणि परत गेली.

आयोजकांपैकी एक जण तिच्यामागे धावला. "अगं, काय हे? कार्यक्रम चाललाय."

"सर, हे फेअर नाहीये. त्यांची पिचर वर्षभर माउंडवरून टाकते, आमची फ्लॅटवरून. आम्हाला असं नाही जिंकायचं." एवढं बोलून ती पुढच्या घमेल्याला वळली.

मग तिच्या संघाच्या मुली निघाल्या, मग आमच्या. प्रज्ञाने तबक पाहुण्यांच्या पायाशी गालिच्यावर ठेवलं आणि धुम्मस घेतली. पाहुणे बोलतच होते. स्टेजच्या दोन्ही बाजू रिकाम्या, समोर मुली माती वाहतायत आणि माइकवर आंबे पिकतायत. मी पुन्हा पाणी वाहिलं. या वेळी ब्लड प्रेशरचा विचारही मनात आला नाही.

स्टेज उचलून खेळ सुरू झाला तेव्हा ऊन डोक्यावर यायला लागलं होतं. दुपारी मैदान दुसऱ्या कुणाला दिलेलं होतं, क्रिकेटला, अर्थातच. त्यामुळे सात डावांची फायनल पाच डावांवर आणली. भाषणातला एक शब्द कापला नाही, खेळातले दोन डाव कापले. ताजी माती बसलेली नव्हती, प्रज्ञाचा पाय टेकताच रुतत होता, हात आखडलेला. पहिल्या डावात तिचे चेंडू वरच्या वर जात राहिले आणि पुण्याने तीन धावा घेतल्या. ती दर चेंडूनंतर खांदा दाबत होती. मला बघवेना. पण दुसऱ्या डावापासून पोरगी सावरली आणि पुढे एकही धाव दिली नाही. आमच्या मुलींनी एक, मग एक आणि पाचव्या डावात तिसरी धाव काढली. तीन-तीन.

बरोबरी झाली की जादा डाव खेळतात. नियम आहे तो, वानखडे सरांनी पुस्तिका उघडून दाखवला. आयोजक म्हणाले, नियम बरोबर आहे, पण वेळ नाही. क्रिकेटवाले पॅड बांधून कुंपणाशी उभे होते. पंच मान खाली घालून बसले. फायनलचा निकाल नाणेफेकीने लागेल असं माइकवर जाहीर झालं.

वर्षभराची लीग, अमरावतीहून रात्रभराचा प्रवास, दोनदा बांधलेली टेकडी, आणि शेवटी एक नाणं! प्रज्ञाने छापा सांगितला. काटा पडला.

पुण्याच्या मुली नाचल्या नाहीत. सई रडत रडत प्रज्ञाकडे आली, "ताई, सॉरी."

"तू काहून सॉरी म्हणतं? तू तर घमेलं उचललं," प्रज्ञा म्हणाली. बसमध्ये बसेपर्यंत तिने डोळ्यांतून पाणी काढलं नाही. नंतर खिडकीकडे तोंड करून खूप रडली. मी तिच्या खांद्यावर बाम चोळत राहिले. त्या रिक्षावाल्याला द्यायचं उत्तर मला तिथे सुचलं, पण ते इथे छापण्यासारखं नाही.

घरी आल्यावर मी आयोजकांना सविस्तर तक्रार पाठवली. स्वच्छतागृह, रोलर, तबक, कापलेले डाव, नाणं, सगळं. महिनाभर उत्तर नाही. गेल्या आठवड्यात फोन आला. आवाज अतिशय नम्र होता.

"मॅडम, आपल्या भावना पोचल्या. एवढ्या लांबून मुलींबरोबर येणारे पालक कुठे असतात हल्ली? पुढच्या वर्षी फायनलला आम्ही क्रीडाप्रेमी पालक म्हणून आपला सत्कार करायचं ठरवलंय."

मी फोन स्पीकरवर टाकला आणि त्यांना ते पुन्हा सांगायला लावलं. प्रज्ञा शेजारीच बसली होती. सईने नुकताच तिला टेकडीचा फोटो पाठवला होता. सईने आणि तिच्या संघातल्या मुलींनी ती पुन्हा ठोकून पक्की केलीय, आता तिथूनच सराव करतात. प्रज्ञाचं वय उलटलं, तिला त्या टेकडीवरून आता कधी खेळता येणार नाही. तरी तो फोटो ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होती. ती माझ्या कानाशी पुटपुटली, "मावशी, स्टेज कुठं टाकून राह्यले ते विचार पहिले."

मी विचारलं.

"मधोमधच, मॅडम. तिथे आता आयताच उंचवटा झालाय. स्टेज छान उठून दिसेल."

प्रज्ञाने टेकडीचा फोटो असलेला आपला फोन उलटा करून मांडीवर ठेवला. मी आयोजकांना विचारलं की सत्कारमूर्तींना बोलायला मिळतं का. मिळतं म्हणाले, हवा तेवढा वेळ, पाहुण्यांना आम्ही कधी थांबवत नाही. मी सत्कार स्वीकारला आहे. आणि सईला निरोप पाठवलाय की त्या दिवशी घमेली जवळच ठेव.