कमलाकाकूकडून बारा जण

आमच्या विहिरीला पाणी लागलं आणि बाबांनी गावाला रोडगे कबूल केले, इथपर्यंत माझा काहीही दोष नव्हता.

मंगरूळपीरच्या रस्त्याला आमचा वांग्याचा मळा आहे. गेल्या वर्षी उन्हाळ्यात विहीर आटली तेव्हा बाबा विहिरीतल्या साती आसरांना, म्हणजे पाण्याच्या सात देवींना, नवस बोलले होते. पाणी आलं की काठावरच गोवऱ्यांत भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण. पाणी आलं. मग मोठ्या आईने (बाबांची वहिनी, आमच्या घरातलं देवाधर्माचं हायकोर्ट) कलम वाचून दाखवलं, "आसराचं शिजलेलं घरी नेत नाई अन् फेकतबी नाई. उरलं का थ्या पानी वापस घेतात."

म्हणजे जेवणाऱ्यांचा आकडा पक्का हवा. आणि आमच्याकडचा माणूस आकडा सोडून सगळं सांगतो. भावाच्या मुलीच्या बारशाला मी मोबाइलवर फॉर्म पाठवला होता, 'किती जण येणार?' उत्तरं आली: 'पाहू', 'घरचेच', 'जमलं तं'. एकाने नुसतं 'हो' लिहिलं. वाशीमला वेबसाइटचा कोर्स केलेल्या मुलीचा याहून मोठा अपमान नाही. या वेळी मी इरेला पेटले. चौकोन असा बांधला की त्यात आकड्याशिवाय काही उमटणारच नाही. दुसरं काही दाबलं की गडप! तक्रार नाही, सूचना नाही. (सूचनेने लोक घाबरतात, असं माझं मत होतं.)

मोठ्या आईने पहिल्यांदा तपासून पाहिलं. तिने 'येतो' लिहायला घेतलं. बोट दाबलं, काही उमटलं नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा नाही. तिने फोन हळूच पाटावर ठेवला.

"हे अक्षर कोन खाऊन राह्यलं व?"

"मीच तसं सांगून ठेवलंय, मोठी आई."

"कोनाले?"

मी फोन उचलला आणि फॉर्म गावाला पाठवून दिला.

दुसऱ्या दिवसापासून आकडे येऊ लागले. विठ्ठलकाकांकडून पंचेचाळीस. शेजारच्या मास्तरांकडून तेवीस. बाबा फुगले. "लोक आपल्याले मानतात," ते म्हणाले, "सोयरेधायरे घेऊन येऊन राह्यले." मीही फुगले. इतकी स्वच्छ उत्तरं वाशीमच्या क्लासमध्येसुद्धा कुणाला मिळाली नव्हती.

मग कमलाकाकूचा आकडा आला. बारा.

कमलाकाकू आमच्या बांधापलीकडच्या घरात एकटी राहते. तिथे एकेकाळी भरलेलं घर होतं. मोठी आई बोटांवर मोजू लागली. सासू, सासरा, नवरा, दोघं दीर, त्यांच्या बायका... मोजता मोजता तिचा आवाज बारीक होत गेला.

"गेले थे अकरा," ती म्हणाली. "अन् कमला बारावी."

फॉर्म माझा होता, पण रात्री तो उघडून बघायची माझी छाती झाली नाही. तरी आकडा तो आकडा! दोनशेवर माणसांचा हिशेब धरून अख्खा मळा तोडला, गोवऱ्यांचा ढीग पेटवला आणि पीठ मळताना बाबांचे खांदे भरून आले.

रोडग्यांच्या दिवशी ऊन कलताना विहिरीच्या काठी पत्रावळींच्या लांबच लांब रांगा मांडल्या. पंचविसेक माणसं येऊन बसली आणि मग कुणी येईना. वारा सुटला. रिकाम्या पत्रावळी आपोआप उचलायच्या आणि पुन्हा टेकायच्या, जणू कुणी सरकून बसतंय. मोठी आई विहिरीकडे पाठ करायला तयार नव्हती. बाबा पाण्याकडे पाहत होते आणि त्यांचा चेहरा पडला होता. मला खरंच रडू आलं. माझ्या हुशारीपायी त्यांची विहीर जाणार होती.

तेवढ्यात कमलाकाकू आली. एकटीच.

"बाकीचे कुठे आहेत?" मी कसंबसं विचारलं.

"मांगून येऊन राह्यलं," ती शांतपणे म्हणाली.

मोठ्या आईने माझा दंड पकडला. बांधालगतच्या कपाशीच्या पऱ्हाट्यांमध्ये सळसळ झाली. पऱ्हाट्या हलल्या, वाकल्या आणि त्यांतून काकूची शेळी बाहेर आली.

"काकू, तुम्ही बारा का लिहिलं?" मी विचारलं.

"म्या कायले बारा लिहू? एक-दोन लिहिलं. मी अन् ही. हिले एकटी ठेवली का वरडते."

आकड्याशिवाय सगळं गिळायला मी त्या चौकोनाला शिकवलं होतं. त्याने मधली रेघ गिळली होती. एक-दोनचे बारा, दोन-तीनचे तेवीस आणि विठ्ठलकाकांच्या चार-पाचांचे पंचेचाळीस! आपल्याकडे नेमका एक आकडा कोण सांगतो, हे जन्मापासून इथे राहून मला ठाऊक नव्हतं.

बाबा सरळ रस्त्यावर गेले आणि बाजार करून परतणाऱ्यांनी भरलेल्या बससमोर हात पसरून उभे राहिले.

"काय झालं?" कंडक्टर ओरडला.

"जेवून जा."

"किती जन?"

"हायेत तेवढे," बाबा म्हणाले.

अख्खी बस उतरली. मागून दोन काळ्यापिवळ्या जीप आल्या, कापूस वेचून परतणाऱ्या बायांचा ट्रॅक्टर आला. उपाशी माणसांनी रोडगे कसे संपवले, ते मी डोळ्यांनी पाहिलं. शेवटचा तुकडा शेळीने खाल्ला. पाणी राहिलं, अजूनही आहे.

फॉर्म मी नीट केला. आता रेघ टाकली की तो लाल अक्षरात 'एकच आकडा लिहा' म्हणतो आणि रेघ काढेपर्यंत पुढे जाऊ देत नाही. मी स्वतः दहा वेळा तपासलाय. बाबांनी रोडगे आता दरवर्षीचे केलेत; यंदा सगळ्यांचे आकडे शहाण्यासारखे आले, चार, तीन, पाच.

कमलाकाकूकडून आले बारा.

फोन करून विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. वाशीमला कोर्स केलेल्या मुलीने गुपचूप बारा पत्रावळी मांडल्या, त्याही विहिरीकडे तोंड करून. काकूची शेळी मध्यंतरी व्यालीय; शेळीला एका वेताला फार तर किती पिल्लं होतात, हे मी अजून कुणालाही विचारलेलं नाही.