आईच्या दंडावरचा दोरा

आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. धारचं आमचं चर्च लहान आहे, बाकंही थोडी, त्यामुळे कोणी उठून पुढे जात नाही. भाकरीच्या तुकड्यांची ताटली आणि द्राक्षरसाच्या इवल्या पेल्यांचा ट्रे हातोहात फिरतो. मी नेहमी आईच्या डावीकडे बसते, म्हणून ताटली मला आईच्या हातून मिळते. पावसाळ्यातल्या एका रविवारी आईने ती दोन्ही हातांनी धरली, तिच्याकडे बघितलं आणि काही न घेता माझ्याकडे दिली.

मला वाटलं, दाढ दुखत असेल. मग ट्रे आला. तोही तिने तसाच पुढे दिला. रस प्यायला दाढ लागत नाही.

मी घरी काही विचारलं नाही. आमच्या घरात बाबा बोलतात, आई गाते आणि मी बघते, अशी वाटणी कधीतरी होऊन गेली आहे. पुढच्या महिन्यात तिने पुन्हा तेच केलं. त्याच्या पुढच्या महिन्यात तिचं डोकं दुखत होतं आणि ती चर्चला आलीच नाही. बाबा म्हणाले, पित्त आहे.

हे कुठून सुरू झालं ते मला माहीत होतं, किंवा माहीत आहे असं वाटत होतं. त्या उन्हाळ्याच्या शेवटी, अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, आमच्या पायरीवर कुंकू लावलेलं एक लिंबू आणि थोडे काळे उडीद पडलेले होते. कोणीतरी कोणावरून तरी उतरून टाकलेलं. कदाचित चौकात ठेवायचं असेल आणि कुत्र्याने आमच्याकडे आणलं असेल.

"अहो, काडीने सरकवा," आई म्हणाली.

"काडीने कशाला? लिंबू आहे ते," बाबा म्हणाले. त्यांनी ते उचललं, नळाखाली धुतलं, कापलं आणि तीन पेले सरबत केलं. "घ्या. विश्वासाने प्या." स्वतःचा पेला त्यांनी एका दमात संपवला. "काही झालं? काही नाही. साखर कमी आहे, बस."

मी अर्धा पेला प्यायले आणि उरलेलं गुपचूप मोरीत ओतलं. आईने पूर्ण प्यायलं, कारण बाबा तिच्या पेल्याकडे बघत होते. त्या आठवड्यात बाबांनी प्रार्थना सभेत ही गोष्ट साक्ष म्हणून सांगितली. सगळे हसले. आईही हसली, पण सगळ्यांच्या थोडी नंतर.

बाबा धारचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. त्यांना अशा गोष्टींची भीती कधी शिकावी लागली नाही. आई देवासच्या मराठा घरातली. तिचे आजोबा जुन्या दरबारात नोकरीला होते, हे मावशी अजूनही पाहुण्यांना चहा यायच्या आत सांगते. कॉलेजात असताना आई ख्रिस्ती झाली, मग तिने बाबांशी लग्न केलं. माहेरने दहा-बारा वर्षं बोलणं टाकलं होतं. मावशीनेच ते पुन्हा सुरू केलं. आईने विश्वास विचार करून, किंमत मोजून धरला होता. पण लहानपणी ज्या लिंबाला वळसा घालून शाळेत जायची, ते लिंबू तिला त्या सकाळी पोटात घ्यावं लागलं.

दहा दिवसांनी बाबांची स्कूटर खडीवर घसरली आणि गळ्याखालचं हाड मोडलं. ते प्लास्टर-पट्टा बांधून घरी आले त्याच आठवड्यात आईचा घसा बसला. चर्चमध्ये गीताची पहिली ओळ आई उचलते, बाकीचे मागून येतात. तीन रविवार दुसऱ्या बाईंनी सुरुवात केली. डॉक्टर म्हणाले, काही नाही, कोमट पाणी प्या, कमी बोला. घसा मोकळा झाला. आई मात्र गाईना.

प्रार्थना सभेत आमच्याकडे साखळी असते. गोल बसायचं, एकाने मोठ्याने प्रार्थना करायची, मग शेजारच्याने. ज्याला करायची नसेल त्याने पुढच्याच्या हाताला नुसता हात लावायचा. बारा वर्षांची असल्यापासून मी हात लावत आले आहे. माझी शाळा इंग्रजी. तिथल्या सकाळच्या प्रार्थना अजून तोंडपाठ आहेत, पण त्या माझ्या नाहीत. मराठी वाचताना माझं बोट ओळीखालून सरकतं. मनात मी प्रभूशी खूप बोलते. तोंडाने, लोकांसमोर, कधीच नाही. मी ज्या हाताला हात लावत असे तो आईचा, आणि तिथून पुढे दहा मिनिटं आई प्रार्थना करत असे, मला काळजी नसे. त्या पावसाळ्यात मी तिच्या हाताला हात लावला आणि तिचा हात तसाच पुढच्या बाईंच्या हाताकडे गेला.

मी देवासला एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. खोली घेऊन राहते, सुट्टीत आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी धारला जाते. मावशीचं घर दोन गल्ल्यांवर, टेकडीच्या पायथ्याकडे. शनिवारी अर्धी शाळा झाली की जेवण तिच्याकडे. दिवाळीच्या आधी आई इंदूरला बस बदलून अचानक देवासला आली. मला भेटायला, असं म्हणाली. मी पुढच्याच आठवड्यात धारला जाणार होते, हे तिला माहीत होतं.

त्या शनिवारी दुपारी आम्ही तिघी मावशीच्या स्वयंपाकघरात होतो. आईने घरातला गाऊन घातला होता. लोणच्याची बरणी काढायला तिने फळीकडे हात वर केला, बाही घसरली आणि तिच्या दंडावर काळा दोरा दिसला. जाड, सात-आठ गाठींचा. घट्ट होता, कडेची कातडी लाल झाली होती.

मी पोळीचा तुकडा मोडत राहिले. मावशीने माझ्याकडे बघितलं, मग आईकडे.

"बघितलं तिने," मावशी म्हणाली. "बरं झालं. माझ्या पोटात राहत नव्हतं."

"ताई, तू शब्द दिला होतास."

"दिला होता. आता काय तिचे डोळे झाकू? पावसाच्या सुरुवातीला मीच घेऊन गेले गं हिला. सोनकच्छच्या अलीकडे एक म्हातारी आहे, भली बाई आहे. हिची हालत बघवत नव्हती. रोज फोनवर रडायची. तुम्हाला दोघांना पत्ता तरी होता का?"

मला पत्ता होता. म्हणून मी मान खाली घातली.

आई बरणी घेऊन खाली बसली. तिने सांगितलं ते असं. म्हातारी म्हणाली, तुमच्या घरात शिरलं आहे आणि ते तुझ्यावर बसलं आहे. हा दोरा बांधते, म्हणजे ते बांधलं जाईल. पण स्वतःहून सोडलास तर तुझ्या सगळ्यात जवळचं जे आहे, त्याच्यावर जाईल.

"सगळ्यात जवळचं म्हणजे तू," आई म्हणाली.

"बाबांना का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? ते हसतील. नाहीतर रविवारी साक्ष देतील."

मावशीला हसू आलं, ते तिने पदरात दाबलं.

"ठेवला तर मी प्रभूच्या मेजापाशी कुठल्या तोंडाने जाऊ?" आई म्हणाली. "आणि काढला तर तू. म्हणून मी ताटली पुढे देते. प्रार्थनेला बसले की वाटतं, वर कोणी ऐकतच नाही. आणि ऐकत असेल तर दोरा बघत असेल."

आमचे पास्टर याला सरळ सैतानाचा हल्ला म्हणाले असते. मला मोठे शब्द वापरायला संकोच वाटतो. त्या लिंबात काही होतं का, मला ठाऊक नाही. पण आईला ज्या एका गोष्टीने आयुष्यभर उभं केलं होतं, तिच्यापासून तिला काहीतरी रोज थोडं थोडं लांब ओढत होतं, हे माझ्या डोळ्यांसमोर होतं. आणि ते काहीतरी माझं नाव घेऊन तिला धाक घालत होतं.

"काढ," मी म्हणाले.

"तुला भीती नाही वाटत?"

मी नाही म्हणणार होते. मी कॉम्प्युटर शिकवते, मुलांना सांगते की मशीनला मूड नसतो. पण तो अर्धा पेला मला आठवत होता.

"वाटते," मी म्हणाले.

"मग?"

"तरी काढ."

"आधी प्रार्थना कर," आई म्हणाली. "तूच कर. तुझ्यावरच येणार म्हणतात ना."

मी नेहमीसारखा बाजूला हात नेला. साखळीत माझ्या पुढे मावशी होती, आणि मावशीच्या हाताला हात लावून काही उपयोग नव्हता.

"मी पण हात जोडू का?" मावशीने विचारलं. "चालतं का तुमच्यात?"

"चालतं, ताई."

मी डोळे मिटले. आमच्या चर्चमधली मोठी माणसं प्रार्थना करतात तेव्हा वाक्यं कशी एकात एक गुंफून येतात. माझी तुटकी आली. म्हणाले, प्रभू, आई चार महिने घाबरलेली आहे आणि आम्ही तिला विचारलं नाही. मलाही आता भीती वाटते. तिने हे घाबरून बांधलं आणि माझ्यासाठी काढलं नाही, तिच्या मनात वाईट नव्हतं. माझ्यावर काही यायचं असेल तर तू मध्ये उभा राहा. प्लीज. तिला मेजापाशी परत बसव. तू त्या सगळ्यापेक्षा मोठा आहेस, हे आम्हाला माहीत आहे, पण आज ते माहीत असून पुरत नाही. येशूच्या नावाने मागते.

आईने आमेन म्हटलं. मावशीचं आमेन जरा मागून आलं. "असंच म्हणतात ना?" ती म्हणाली.

गाठी सुटेनात. मावशीने दुधाच्या पिशव्या कापायची कात्री आणली आणि माझ्या हातात दिली. मी आईकडे बघितलं. तिने कात्री माझ्याकडून घेतली, डाव्या हाताने वेडीवाकडी आत घातली आणि स्वतः कापला. कात्री बोथट होती, तीन वेळा चालवावी लागली.

मग त्या दोऱ्याचं काय करायचं, यावर दोघी बहिणी भांडल्या.

"कचऱ्याच्या गाडीत नको टाकू," मावशी म्हणाली. "तो गाडीवाला भिया भला माणूस आहे. लेकराबाळांचा आहे."

"ताई, आता त्यात काही नाही."

"नाही ना? मग तुझ्या पर्समध्ये ठेव."

"गॅसवर जाळते."

"माझ्या गॅसवर नाही. दूध ठेवायचंय मला."

शेवटी आईने मागच्या अंगणात डब्याच्या झाकणावर तो काडी लावून जाळला आणि झाकण स्वतः घासलं. मग आत येऊन तीन पोळ्या जेवली. दंडावर लाल कडी उठली होती, तिच्यावर मावशीने खोबरेल लावलं.

"ते प्लीज काय होतं मधेच?" आईने विचारलं.

"निघालं तोंडातून."

"बरं वाटलं," ती म्हणाली आणि अजून लोणचं घेतलं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आईने भाकर घेतली. हे आत्ताच सांगून टाकते, कारण माझ्या मते आई खरी मोकळी झाली ती त्याच्या आधी, एका मंगळवारी. बाबांनाही तिने धारला पोचल्या पोचल्या सगळं सांगितलं. बाबा हसले नाहीत. बराच वेळ गप्प बसले, जे आमच्या घरात कोणी पाहिलं नव्हतं, आणि मग म्हणाले, "तुला प्यायचंय का, हे मी विचारायला पाहिजे होतं." आईने हे मला फोनवर सांगितलं. याची साक्ष बाबांनी आजपर्यंत दिलेली नाही.

मंगळवारी मधल्या सुट्टीत मी शाळेच्या जिन्यावरून घसरले. नुकतीच फरशी पुसली होती, मी वह्यांचा गठ्ठा घेऊन उतरत होते, एवढंच. पण खाली बसल्या बसल्या माझ्या मनात पहिला आकडा आला तो तीन. दोरा कापून तिसरा दिवस. घोटा सुजत होता. स्टाफरूममध्ये शिपाईकाकांनी पिशवीत बर्फ आणून दिला. मला वाटलं, आईला सांगू नये. चार दिवसांनी सूज उतरेल, तिला कशाला कळायला हवं. मग वाटलं, लपवलं तर आता मीच एक दोरा बांधते आहे, तिच्यासारखाच, बाहीखाली. भीतीने काही ठरवायच्या आत मी फोन लावला.

"आई, जिन्यात पाय मुरगळला. मोडलेला नाही. शाळा सुटली की डॉक्टरांना दाखवते."

पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली, मग गॅस बंद केल्याची खट्.

"आज तिसरा दिवस," आई म्हणाली.

"हो."

मी काही समजावलं नाही. मला जे सुचत होतं ते सगळं तिला आधीच माहीत होतं.

"डोळे मीट," ती म्हणाली.

"स्टाफरूममध्ये आहे मी."

"मग उघडे ठेव."

आणि तिने सुरुवात केली. चार महिने फोनवर येणारा तो बारीक, जपून वापरलेला आवाज नव्हता. गीताची पहिली ओळ उचलते तो होता. समोरच्या टेबलावरच्या हिंदीच्या मॅडमनी पेपर तपासता तपासता वर बघितलं. एरवी मी लाजेने फोन पोटाशी धरला असता. त्या दिवशी मी आवाज कमीसुद्धा केला नाही. आईने माझ्या घोट्यासाठी प्रार्थना केली, शिरांसाठी केली, जिन्यासाठी केली, फरशी पुसणाऱ्या बाईंसाठी केली की त्यांना कोणी बोलू नये. मग त्या भीतीला तिने येशूच्या नावाने सरळ सांगितलं की, हे घर तुझं नाही, ही मुलगी तुझी नाही, नीघ. भाजीवाल्याने जुनी मेथी आणली की सांगते, तसंच.

बर्फ वितळून माझ्या सलवारीवरून खाली थेंब पडत होते. पाचव्या तासाची घंटा झाली. सातवीचा वर्ग माझी वाट बघत असणार. आईची प्रार्थना आता कुठे मावशीच्या गुडघ्यांपर्यंत आली होती.