पाळण्यात बसलेले नाना

आमच्या नानांचा आवाज असा, की देवपुरात ते नुसते खाकरले तरी पांझरेचं पाणी क्षणभर थबकायचं आणि पलीकडच्या धुळ्यातले लोक घड्याळं लावून घ्यायचे. खोटं वाटत असेल तर पांझरेला विचारा. हे निवृत्त हेडमास्तर आम्हा उनाड तरुणांचे पुढारी. देश नुकता स्वतंत्र झालेला, आमच्या अंगात जोर मावत नव्हता. तो केळीच्या मुलखात नेऊन जिरवायचं नानांनी ठरवलं. फैजपूरजवळच्या एका गावात मजूर बायांच्या तान्ह्या पोरांसाठी पाळणाघर काढायचं!

गरज मात्र खरी होती. बाया केळीच्या बागेत राबायच्या आणि पोरं बांधावर. त्यातलं एक रांगत रांगत पाण्याच्या पाटात गेलं. शेजारणीनं तंगडी धरून वर ओढलं म्हणून वाचलं. मुकादमानं त्याच्या आईला सांगून टाकलं, "आता पोर घेऊन बागेत पाय ठेवायचा नाही." ती आमच्याच धुळ्याकडची, पोटासाठी इकडे आलेली. नवरा वारलेला, घरात दुसरं माणूस नाही. पोर ठेवायला जागा नाही तर काम नाही, आणि काम नाही तर चूल नाही.

सावद्याच्या मुसलमान सुतारानं पाळणे करून दिले आणि वर छातीठोक सांगितलं, "इसमें हाथी का बच्चा सुलाओ, कडी हिलेगी नहीं!" पाटलांच्या मोकळ्या गोठ्यात आम्ही ते टांगले. उद्घाटनाला गावातल्या झाडून साऱ्या बाया आल्या. नानांचं भाषण चढत गेलं, राष्ट्राचं भवितव्य गोठ्याच्या आढ्याला जाऊन टेकलं, आणि त्या भरात नानांनी हातासरशी पाळण्याला झोका दिला. रिकाम्या पाळण्याला!

रिकामा पाळणा हलवू नये, त्यात येणारं पोर टिकत नाही, हे आम्हा प्रत्येकाला आईनं पाठीत धपाटा घालून शिकवलेलं. नानांनाही. पण भाषणापुढे कसली आई आणि कसला धपाटा!

एक म्हाताऱ्या अक्का ताडकन उठल्या. "अरे देवा! हे लेकरं वाचवाले आले का खावाले?"

गोठा असा रिकामा झाला, की बायांच्या पायातली धूळसुद्धा मागे राहिली आणि मग त्यांना गाठायला पळत सुटली. उरली एकटी ती, धुळ्याकडची, कडेवर पोर घेऊन. तिनं पाळण्याकडे पाहिलं, मग नानांकडे.

"नाना, तुम्हीन हालाडा ना रिकामा?"

"हो, बाई." पांझरा थांबवणारा आवाज डासाएवढा झाला होता.

"मंग आते तुम्हीनच बठा त्यामा. भरी टाका त्याले."

"मी? अगं, माझं वजन..."

"बठा! रिकामा हालेल पायनामा मना पोरले कशी टाकू?"

नानांनी टोपी काढून माझ्या हातात दिली, धोतर आवरलं आणि बसले. गुडघे कानाला लागले. आढं असं कण्हलं, की सातपुडा दोन बोटं खाली दबला. आजही तो तिथं जरा बसकाच आहे. ती मात्र हसली नाही. बारीक आवाजात अंगाई म्हणत ती नानांना झोके देऊ लागली. बाहेर गेलेल्या बाया दारातून डोकावल्या. एकीला खुदकन हसू फुटलं, दुसरीनं अंगाईचा सूर उचलला, आणि बघता बघता गोठ्यात बारसंच मांडलं गेलं. बारसं म्हटल्यावर अक्का कशा मागे राहतील? त्यांनी नानांच्या कानात "कुर्रर्र" करून नाव सांगितलं आणि रीतीप्रमाणे बायांनी अक्कांच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. काय नाव ठेवलं, ते नानांनी मरेपर्यंत कुणाला कळू दिलं नाही.

नाना उतरले. झोका थांबायच्या आत तिनं त्याच पाळण्यात आपलं पोर ठेवलं. हसणं विझलं. बाकी एकीनंही आपलं पोर खाली ठेवलं नाही. ती मागे न पाहता बागेकडे चालू लागली.

मी तापीचा पूर पोहून गेलेली माणसं पाहिलीत. वाघाचा कान पिळणाराही माझ्या ओळखीचा होता, निदान मी लोकांना तसं सांगतो. पण त्या पाठमोऱ्या बाईसमोर माझी सारी थापेबाजी गप्प झाली.

दुपारी, पोराला पाजायची वेळ झाली तसा मी तिला बोलवायला बागेत गेलो. ती एकाच केळीपाशी कुदळ मारत होती. बुडाशी गुडघाभर खड्डा झाला होता, मुळं उघडी पडली होती. शेजारी मुकादम उभा, शिव्या द्यायच्या सोडून मला हळूच म्हणाला, "सकाळपासून इथंच खणतेय. बोलायचं धाडस होईना."

"पोर मजेत आहे," मी तिला म्हणालो. "नानांचं धोतर भिजवलंय त्यानं."

ती खड्ड्याच्या काठावर बसली. कुदळ बाजूला ठेवली.

"भ्याव वाटस का?" मी विचारलं.

"वाटस ना, भाऊ. मना एकच पोऱ्या शे."

मग ती उठली, गोठ्यात गेली, पोराला पाजलं आणि पुन्हा त्याच पाळण्यात घातलं. दारात उभी असलेली अक्कांची सून हे पाहत होती. तिनं काखेतलं पोर शेजारच्या पाळण्यात ठेवलं. धुळ्याकडची ती बागेत परतली, आधी तो खड्डा बुजवला, आणि दुसऱ्या केळीकडे वळली.